तळ्याच्या बांधाला बाहेरून ओल आलीय, घाबरायचं का?

तुम्ही विचारलंय ते असं: बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या बाजूला दोन एकरांचं तळं, १४ फूट उंच मातीचा बांध, शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन पेडल बोटी. बांधाच्या बाहेरच्या उतारावर गुलमोहर लावलेत, मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला) जाळी मारलीय, आणि महिनाभर बाहेरच्या पायथ्याला ओल दिसतेय. घाबरायचं का?

ओलीला लगेच घाबरू नका. जाळी मात्र आज संध्याकाळच्या आत काढा.

मी खानापूर तालुक्यातलाच. बारक्या तलावांच्या मातीकामावर मुकादम म्हणून बावीस वर्षं काढली. इंजिनियर नाही, त्यामुळे हिशेबाचं काम त्यांच्याकडूनच करून घ्या. बघायचं काय, ते मी सांगतो.

सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो बहुतेक वेळा टिकतो. मातीच्या बांधावरून गेलं की ते माती घेऊन जातं, खाच पडते, आणि खाच पडली की तासा-दोन तासांत बांध मोकळा. सांडवा त्यासाठीच ठेवलेला असतो. आपल्याकडं आषाढात झड लागली की ओढ्यातून काय काय येतं ते तुम्ही बघताच: पाचोळा, काटक्या, कुणाच्या तरी गोठ्यातली पेंढी, प्लास्टिकच्या पिशव्या. हे सगळं जाळीला बसलं की एका रात्रीत सांडव्याची भिंत होते. सांडवा आहे, पण नाही.

ही नवी चूक नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. श्रीमंतांच्या एका क्लबानं ते मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतलेलं, म्हणजे तुमच्यासारखंच हौसेचं तळं, फक्त ७२ फूट उंचीचं. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या. घोडागाड्या सोयीनं जाव्यात म्हणून माथा थोडा खाली घेतलेला. तळातून पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकानं काढून भंगारात विकलेले, ते परत बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला, पाणी माथ्यावरून गेलं आणि खालच्या जॉन्सटाउनसह त्या खोऱ्यात २,२०० हून जास्त माणसं गेली. तुमचं तळं त्यापुढं चिमूटभर, पण दोन एकरांवर सरासरी सहा फूट पाणी धरलं तरी ते दीड कोटी लिटरच्या घरात जातं. दहा हजार लिटरचे दीड हजार टँकर एकदम ओतल्यासारखं. ओढ्याच्या खालच्या अंगाला घर, गोठा, मोरी काय आहे ते एकदा स्वतः चालत जाऊन बघा. मासे राखायचेच तर जाळी सांडव्यात नको, आत तळ्यात पिंजरा करा.

आता ओल. मातीचा बांध थोडा झिरपतोच, कोरडा ठणठणीत बांध मी तरी पाहिला नाही. प्रश्न ओल आहे का हा नसून पाणी माती आणतंय का हा आहे. स्टीलचा पेला पायथ्याशी धरा, भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेसमोर लिहा, त्या दिवशी तळ्यात पाणी किती होतं तेही लिहा. मग ते पाणी काचेच्या बाटलीत घालून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला गाळाचा थर बसला असेल, किंवा तळ्याची पातळी तीच असून पेला दर आठवड्याला लवकर भरायला लागला असेल, तर आतून माती धुपून नळी तयार होतेय. ती बाहेरून आत, पाण्याच्या दिशेनं सरकत जाते. वरून बांध छान दिसत असतो.

मी इथंच एकदा चुकलो होतो. एका तळ्यावर सकाळी गडी पळत आला, "मुकादम, पाणी येऊलंय बघा खालनं." गेलो तर अंगठ्याएवढ्या भोकातून गढूळ पाणी. मी चिकण माती आणून वरून दाबून बसवली, बंद झालं, चहा घेतला. दुसऱ्या दिवशी दहा फुटांवर दुसरीकडून फुटलं, पहिल्यापेक्षा जोरात. पाण्याचा दाब कुठं जाणार? इंजिनियर साहेब आले, त्यांनी माझी माती उकरून काढली आणि भोकावर आधी जाड वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी, वर दगड असा थर दिला. उलटी गाळणी. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. तेव्हापासून बांधाच्या जवळ एक ट्रॉली वाळू आणि दोन ट्रॉली खडी तयार ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो. ओल नेमकी पाणी सोडायच्या पाइपाच्या तोंडाशी असेल, तर मात्र पेला-बिला मोजत बसू नका, इंजिनियरला बोलवा. पाइपाच्या बाहेरच्या अंगानं माती नीट दाबलेली नसते, आणि पाणी तिथूनच वाट काढतं.

गुलमोहर लहान, म्हणजे मनगटाएवढ्या जाडीचे असतील तर मुळासकट काढा आणि खड्डे थराथरानं धुमसून भरा. मोठे झाले असतील तर घाईनं उपटू नका. तळं भरलेलं असताना बुंधा उपटणं म्हणजे बांधाला भोक पाडणं. आणि नुसतं कापून सोडलंत तर मुळं कुजतात, जागा पोकळ राहते. ते काम पाणी उतरवून, जाणत्याच्या देखरेखीखाली. बांधावर फक्त हरळी हवी, ती आखूड राखायची. हरळी असली की खेकड्याचं बीळ, घुशीची माती, वारूळ लांबून दिसतं. घाणेरी माजली की काहीच दिसत नाही. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खेकड्यांवर बोट ठेवलं गेलं आणि महाराष्ट्रभर हसू झालं. तिथलं कारण काय होतं तो वाद मी इथं काढत नाही. पण खेकड्यांची बिळं हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. ती दिसायला कुणीतरी बांधावर फिरावं लागतं, एवढंच.

मिरगाच्या आधी एक काम जरूर करा. गवंड्याची पाण्याची नळी घ्या, दोन माणसं दोन टोकांना, आणि माथ्याची पातळी बघत जा. माती वर्षानुवर्षं खचते, बहुतेक मधोमध, जिथं बांध सर्वांत उंच असतो. पावसात माथ्यावर जिथं डबकं साचतं ती जागा आधी तपासा. तिथं भर घालताना वरची हरळी खरवडून, ओलसर मुरूम-माती सहा-सहा इंचाच्या थरानं दाबायची. ट्रॉली ओतून फळी फिरवली म्हणजे भर झाली असं नसतं.

तिकडं चिकोडी-गोकाक बाजूचे कुणी वाचत असतील तर काळ्या मातीच्या भेगांकडं एप्रिल-मेमध्ये लक्ष द्या. बांधाच्या लांबीनं गेलेली भेग बघत राहायची, पण पाण्याकडून बाहेर आडवी गेलेली भेग तळं भरायच्या आधी खोदून, दाबून भरायचीच.

दुरुस्तीला पाणी उतरवाल तेव्हा हळू. मी दिवसाला अर्ध्या फुटावर जाऊ देत नाही. पाणी एकदम गेलं की पाण्याकडचा भिजलेला उतार आधार सुटून घसरतो.

आता कायद्याचं. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना, आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. तुमचा बांध सव्वाचार मीटर. त्या कायद्याखाली कुणी तपासायला येणार नाही, म्हणून जबाबदारी कमी होत नाही. सण्ण नीरावरी (लघु पाटबंधारे) खात्याला अर्ज देऊन विचारून ठेवा, अर्ज कन्नडमधून लिहून घ्या, फिरवाफिरवी वाचते. पाणी गढूळ होऊन जोर धरलाच तर आधी खालच्या वस्तीला उठवा, ११२ ला फोन करा, वाळू-खडी नंतर.

बाटलीतलं पाणी सकाळी कसं दिसलं ते इथंच खाली लिहा, आणि ओल पाइपापासून किती फुटांवर आहे तेही.