घसा रोज बसतोय आणि सर म्हणतात हे लोक गायकच नव्हेत: जरा लांबलचक उत्तर

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, एरवी मी इथे वाचनमात्रच असतो. कॉलेजचा बँड, सेटमध्ये ग्लॅम मेटल (ऐंशीच्या दशकात गाजलेलं, फुगवलेले केस आणि मेकअपवालं गिटार रॉक), म्हणजे स्किड रोचं 'एटीन अँड लाइफ' आणि स्टीलहार्टचं 'शीज गॉन', प्रॅक्टिसच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आवाज घोगरा, वरचे सूर गायब, आणि त्यात गाण्याचे सर म्हणतात "ते लोक गायक नव्हेतच, केस आणि लिपस्टिक बघायला गर्दी व्हायची, सोड तो नाद". गाण्यांची नावं बदलली की ही माझीच कथा आहे. माझ्या वेळी सिंड्रेला होतं एवढाच फरक. (अरे-तुरे करतोय, वयाने बराच मोठा असणार मी, राग मानू नकोस.)

झोप, पाणी, वॉर्म-अप, सिगरेट हे सगळं तुला माहीत असेलच, त्यात जात नाही.

आधी सरांचं बघू. सर अर्धे बरोबर आहेत आणि त्या अर्ध्यावरच थांबलेत. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांमधून जे बँड वर आले त्यात निव्वळ गळ्याच्या जोरावर आलेले थोडेच. रॅटचा स्टीफन पिअर्सी घे, रेंज बेताची, आवाज नाकातला, पण १९८४ च्या 'राउंड अँड राउंड'ला दुसरा कुणी उभा करून बघ, गाणं पडेल. पॉयझनच्या ब्रेट मायकल्सचा गळा तर अगदीच साधा, आणि 'एव्हरी रोज हॅज इट्स थॉर्न' १९८८ च्या डिसेंबरात अमेरिकेत एक नंबरला. मॉटली क्रूचा व्हिन्स नील, आवाज पातळ, टोकदार, गिटारच्या गोंगाटातून आरपार येणारा, पण लाइव्हमध्ये ओळीतले अर्धे शब्द गाळणार आणि उरलेले पब्लिकवर सोडणार. ही तीन नावं घेऊन कुणी म्हणालं की यांना गाता येत नव्हतं तर मी वाद घालणार नाही.

पण मग त्याच रांगेत स्किड रोचा गायक सेबॅस्टियन बाख पण उभा आहे ना. लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये गायलेला मुलगा, स्किड रोचा पहिला अल्बम १९८९ च्या जानेवारीत आला तेव्हा वय वर्षं वीस. पुढे २००० साली त्याने ब्रॉडवेवर 'जेकिल अँड हाइड' या संगीत नाटकात मुख्य भूमिका केली. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग असतात आणि तिथे मागे लपायला गिटारचे मोठाले मार्शल ॲम्प नसतात. विंगर बँडच्या किप विंगरची कार्टूनवाल्यांनी यथेच्छ टिंगल केली, 'बीव्हिस अँड बटहेड'मधल्या त्या बावळट पोराच्या अंगात विंगरचा टीशर्ट असायचा. तोच माणूस नंतर ऑर्केस्ट्रासाठी लिहायला लागला आणि त्या कामाला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं. आणि तुझ्या 'शीज गॉन'वाला मिल्येन्को मॅटियेविच, २००१ च्या 'रॉक स्टार' सिनेमात मार्क वॉलबर्ग तोंड हलवतो तेव्हा बहुतेक गाण्यांत गळा याचा आहे. सरांना एवढं सांग, नाही पटलं तर सोडून दे, सर बदलायची गरज नाही, सुराचं त्यांच्याकडून शिकून घे.

आता तुझं दुखणं. तू लिहिलंयस की हेडफोन लावून रेकॉर्डशी आवाज जुळवतोस. हे बंद कर. रेकॉर्डवरचा आवाज एका माणसाच्या एका दमाचा नसतो. डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया' (१९८७) ऐक, तो कोरस म्हणजे गायक जो एलियटचा एकट्याचा आवाज नाही, प्रोड्यूसर मट लँगने थरावर थर चढवलेत, त्यात तो स्वतःही गायलाय. आपण एका गळ्यातून ती गर्दी काढायला बघतो आणि मग वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. बॉन जोवीचं 'लिव्हिन ऑन अ प्रेअर', शेवटच्या कोरसला गाणं तीन पट्ट्या वर चढतं. स्टुडिओत ते एकदा साधलं की झालं, पण टूरवर तेच रोज रात्री, वर्षानुवर्षं. त्यांचा गायक जॉन बॉन जोवी, त्याच्या एका स्वरतंतूची झीज झाली आणि २०२२ मध्ये ऑपरेशन करावं लागलं. त्या गाण्यामुळेच झालं असं मी म्हणत नाहीये, वय पण असतं, पण विचार कर.

म्हणून ऐकायचंच तर लाइव्ह ऐक. १९८९ च्या ऑगस्टमधला मॉस्को म्युझिक पीस फेस्टिव्हल शोध. लेनिन स्टेडियम, दोन दिवस, एकाच स्टेजवर बाख, सिंड्रेलाचा टॉम कीफर, व्हिन्स नील, जॉन बॉन जोवी, आणि स्कॉर्पियन्सचा क्लाउस माइन (तो ग्लॅम नव्हे, माहितीये, भांडायला येऊ नका). ऐकताना वरचा सूर किती वर गेला हे मोजू नकोस, ते सगळेच मोजतात. ओळीच्या शेवटी काय होतं ते बघ. कोण शेवटचा शब्द गिळतो, कोण चाल गुपचूप खाली वळवतो, कोण माइक पब्लिककडे धरतो, श्वास कुठे घेतो. माझ्या मते टॅलेंट तिथे दिसतं. आपल्याकडे काय आहे आणि ते महिनाभराच्या टूरला कसं पुरवायचं, हे ज्याला कळलं तो गायक. माइनचाच किस्सा बघ, १९८१ मध्ये 'ब्लॅकआउट' अल्बमच्या वेळी त्याचा आवाज पूर्ण गेला, स्वरतंतूंची शस्त्रक्रिया झाली, तोवर स्टुडिओत डॉन डॉकनला गायला बोलावलं होतं. माइन परत आला आणि अल्बम त्याच्याच आवाजात निघाला.

टॉम कीफरवर मी जास्त बोलणार, सहन कर. १९८६ च्या 'नाइट साँग्ज'पासून ती जी करवत चालल्यासारखी किंकाळी आहे ना, त्याच गाण्यांत मध्येच तो खाली येऊन एकदम मऊ गातो, ते लोकांच्या लक्षात राहत नाही. १९९१ च्या सुमारास त्याच्या डाव्या स्वरतंतूची नस, म्हणजे मज्जातंतू, दुबळी झाली, डॉक्टरांनी सांगितलं कदाचित परत गाता येणार नाही. पुढचा अल्बम १९९४ पर्यंत लांबला आणि तोवर जमानाच बदलला होता. त्याने वर्षानुवर्षं थेरपी केली, मधे सिस्ट आणि रक्तस्रावासाठी ऑपरेशनं झाली ती वेगळी, आणि २०१३ मध्ये सोलो अल्बम काढला. त्याचा आजार नसेचा, तुझा-माझा तसा नाही. पण त्याला निदान कळलं तरी की नक्की काय झालंय.

मला ते कळायला दीड वर्ष गेलं, आणि इथे माझं डोकं अजून फिरतं.

आमच्या भागातलं मोठं हॉस्पिटल, नाव घेत नाही. कान-नाक-घसा ओपीडी, सकाळी टोकन, दुपारी नंबर. डॉक्टरने जीभ गॉझमध्ये धरून बाहेर ओढली, बारका गोल आरसा स्पिरिटच्या दिव्यावर जरा गरम करून घशात घातला आणि म्हणाला "ई म्हणा". मला उबळ आली, आरसा बाहेर. "लालसर दिसतंय, ॲसिडिटी आहे." सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आवाज कमी वापरा, महिन्याने या. महिन्याने गेलो तर दुसरा डॉक्टर, त्याने आधीचा कागद उलटासुद्धा केला नाही, परत आरसा, परत ई, परत तीच गोळी आणि सोबत अँटिबायोटिक. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो, तिथे 'नोकरी' लिहिलेलं, कारण नोकरी होतीच. मी गातो हे दर वेळी तोंडी सांगायचो, ते कुठेही लिहिलं गेलं नाही. दुर्बिणीतून बघा म्हटलं तर उत्तर, ते मशीन दुसऱ्या इमारतीत, ठरावीक वारी, त्याला मोठ्या डॉक्टरांची सही लागते, आणि मोठे डॉक्टर कॉन्फरन्सला. खिडकीवरच्या बाई तर म्हणाल्या, "बोलता येतंय ना तुम्हाला, मग?" या सगळ्यात बँडने दुसरा गायक घेतला. त्यांची चूक नाही, शो ठरलेले होते, मी त्यांना कशाच्या भरवशावर थांबा म्हणणार.

शेवटी ऑफिसमधल्या एकीची बहीण स्पीच थेरपिस्ट निघाली, तिने आवाजाचंच काम करणाऱ्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे स्ट्रोबोस्कोपी केली. कॅमेरा आत, प्रकाश लुकलुकत असतो, त्यामुळे तंतू स्क्रीनवर संथपणे हलताना दिसतात. ४४० हर्ट्झचा सूर धरलास की ते सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात, साध्या डोळ्याला काय डोंबल दिसणार. दोन्ही तंतूंवर बरोबर समोरासमोर भाताच्या शितासारखे दोन पांढरे ठिपके. नोड्यूल, म्हणजे तंतूंवरच्या बारक्या गाठी. पाच मिनिटांचं काम. ऑपरेशन लागलं नाही, काही महिने थेरपी केली आणि गेले. सगळ्यांचे असेच जातात असं नाही, मी डॉक्टर नाही, फार्मसीवाला पण नाही, माझं ऐकून गोळ्या बंद करू नकोस. ॲसिडिटीने घसा खराब होतो हे खरंच आहे. मुद्दा एवढाच की गाणाऱ्या माणसाचा आवाज दोन-तीन आठवड्यांच्या वर घोगरा राहतोय तर न बघता औषध घेत बसू नये. स्ट्रोबोस्कोपी आहे का असं फोनवरच विचार, "दुर्बीण आहे" म्हणाले तरी स्ट्रोब आहे का ते वेगळं विचार, आणि रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर मागून घे. पुढच्या डॉक्टरकडे ते दाखवता येतं, केसपेपर कुणी वाचत नाही.

अजून एक, शोच्या आधी कुणीतरी "स्टेरॉइडचं इंजेक्शन घे, सगळे घेतात" म्हणेल. सूज उतरते, दुखणं कळत नाही, आणि त्या भरात माणूस अजून जोर लावतो. आवाजाच्या डॉक्टरने घसा बघून दिलं तर गोष्ट वेगळी, ड्रमरच्या मामाने दिलं तर नको.

खरखरीबद्दल. बाख आणि कीफर यांची नक्कल करताना सगळी पोरं एकच करतात, गळा आवळून खालून हवेचा धक्का. ज्यांना ती खरखर नीट येते ते स्वरतंतूंच्या वर ज्या घड्या असतात त्या थरथरवतात, खालचे तंतू त्यामानाने मोकळे राहतात. हे वाचून येत नाही, व्हिडिओ बघूनही फारसं येत नाही, कुणीतरी समोर बसून थांबवणारं लागतं. तोपर्यंत साफ गा. 'एटीन अँड लाइफ' साफ आवाजात सुद्धा छान वाटतं, सुरुवात खाली आणि शांत आहे, बाख सगळी ताकद शेवटाला राखून ठेवतो. ते राखणं शिक, किंचाळी नंतर.

आणि पट्टी उतरवा रे! यात कसला आलाय कमीपणा. मॉटली क्रूची कितीतरी गाणी रेकॉर्डवरच पूर्ण एक सूर उतरवलेल्या गिटारवर आहेत. तुमचा गिटारवाला कुरकुर करेल, तार सैल लागते म्हणेल, त्याला जाड तारांचा सेट आणायला सांग. तुझा बोलण्याचा आवाज जड असेल तर मॅटियेविच तुझा गुरू नव्हेच, व्हाइटस्नेकचा कव्हरडेल ऐक, पण आधीचा, १९८७ च्या अल्बमच्या आधीचा. त्या अल्बमपासून त्याने स्वतःचा भारी खालचा आवाज वर वर रेटत नेला आणि पुढे त्याची किंमत मोजली असं माझं मत आहे. मत आहे, पुरावा मागू नका.

घरगुती उपायांचं: ज्येष्ठमध, खडीसाखर, आलं, काहीही चघळ, बरं वाटतं, पण गिळलेलं काहीच स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, ते अन्ननलिकेत जातं. पाणी सुद्धा. वाफ तेवढी पोचते. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते थेरपिस्टने दिलेलं, ग्लासात अर्धं पाणी, त्यात स्ट्रॉ दोन बोटं बुडवायची आणि तिच्यातून 'ऊ' करत बुडबुडे काढायचे, खालून वर, वरून खाली. रूममेट हसतील. प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे कर. घसा खाकरायची सवय असेल तर सोड, त्याऐवजी आवंढा गिळ. आणि आवाज बसल्यावर कुजबुजत बोलू नकोस, त्यानेही ताण येतो, गप्पच बस.

शो कधी आहे ते लिहिलं नाहीस. महिन्याच्या आत असेल तर 'शीज गॉन' सरळ काढून टाक, आणि 'एटीन अँड लाइफ' सेटमध्ये तिसरं-चौथं ठेव, शेवटी नको. ड्रमर जोरात वाजवतोय म्हणून तू ओरडतोयस का तेही बघ, बहुतेक वेळा तेच असतं, मॉनिटर (स्टेजवर स्वतःला ऐकायचा स्पीकर) तुझ्याकडे वळवून घे आणि साउंडवाल्याला त्यात तुझा आवाज वाढवायला लाव. तुझ्या शहरात स्ट्रोबोस्कोपी कुठे होते ते हवं असेल तर शहर सांग, इथल्या कुणाला तरी माहीत असेल.