रूममेटला सवलत मिळाली, मग मला का नाही?

प्रश्न : मी अमेरिकेत एमएस करतोय. गेल्या ऑगस्टमध्ये आलो, आता दुसरं सेमिस्टर संपत आलंय. मार्चमधल्या गारपिटीत आमची द्राक्षबाग पूर्ण गेली, ऐन काढणीत. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज आहे, पण ते फीलाही पुरं पडत नाही. उरलेला खर्च बागेच्या पैशातून भागणार होता. माझा रूममेट युक्रेनचा आहे. तो फक्त ३ क्रेडिट घेतो आणि आठवड्याला ३५ तास काम करतो, तेही कायदेशीर. संकट तर आमच्यावरही आलंय, मग मला तशी सवलत का मिळू नये? मीही पुढच्या सेमिस्टरला क्रेडिट कमी करू का? बाबांच्या ओळखीचे एक काका इथे गॅस स्टेशन चालवतात. ते म्हणतात, परवानगी मिळेपर्यंत रात्रपाळीला ये, रोख देतो, तू घरचाच आहेस. जाऊ का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत तुम्ही कदाचित काकांना होकार कळवून टाकाल. जाऊ नका. एक रात्रसुद्धा नाही. कारण पुढे सांगते.

आता रूममेटबद्दल. त्याला मिळालेल्या सवलतीचं नाव स्पेशल स्टुडंट रिलीफ. एखाद्या देशावर युद्ध, भूकंप, चलन कोसळणं असं काही ओढवलं, तर अमेरिकेचं होमलँड सिक्युरिटी खातं फेडरल रजिस्टरमध्ये सूचना काढतं. फेडरल रजिस्टर म्हणजे आपल्याकडचं राजपत्र समजा. त्या देशाच्या एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांसाठी नेहमीच्या काही अटी ठरावीक मुदतीपुरत्या बाजूला ठेवल्या जातात. पदवीच्या विद्यार्थ्याला १२ ऐवजी ६ क्रेडिट चालतात, पदव्युत्तरला ३. तरीही तो पूर्णवेळ विद्यार्थीच मानला जातो. कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मर्यादा उठते, आणि कामाच्या परवान्याचं कार्ड काढून कॅम्पसबाहेरही काम करता येतं.

जून १९९८मध्ये आशियातली चलनं गडगडली तेव्हा इंडोनेशिया, दक्षिण कोरिया, मलेशिया, थायलंड आणि फिलिपिन्स या पाच देशांच्या विद्यार्थ्यांना ही सवलत मिळाली. पुढे हैती, लिबिया, सीरिया, नेपाळ यांची नावं आली आणि २०२२मध्ये युक्रेन, सुदान, अफगाणिस्तान यांची. नेपाळचा भूकंप २५ एप्रिल २०१५चा, सूचना निघाली त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे घरं जमीनदोस्त झालेल्या मुलांनाही सहा महिने थांबावं लागलं. आजच गारपीट झाली आणि उद्या सवलत, असं यात कधीच नसतं.

तुमच्या प्रश्नातली मेख इथे आहे. ही सवलत आधी पासपोर्ट बघते, घरची स्थिती नंतर. सूचनेत नाव असलेल्या देशाचं नागरिकत्व हवं. शिवाय सूचनेत दिलेल्या तारखेला विद्यार्थी अमेरिकेत एफ-१ दर्जात असायला हवा. तुमचा रूममेट बहुधा आधीच्या पदवीसाठीच इथे आलेला असणार, नाहीतर त्या तारखेत बसला नसता. या दोन्ही अटी पुऱ्या झाल्यावर तिसरी येते, ती म्हणजे त्या संकटामुळेच आपल्यावर आर्थिक आपत्ती आली हे दाखवण्याची. भारतासाठी अशी सूचना नाही. एका जिल्ह्यातल्या गारपिटीसाठी ती निघेल अशी आशाही धरू नका. यात न्याय आहे का? मला विचाराल तर फारसा नाही. पण तुमच्या फीची तारीख त्या चर्चेसाठी थांबणार नाही.

क्रेडिट कमी करण्याचा विचार तर डोक्यातून काढून टाका. रूममेटचं बघून पुढच्या सेमिस्टरला दोन विषय कमी घेतले, फी वाचली, असा हिशेब मुलं करतात. तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ दर्जा गेला. आजारपण, इंग्रजीची किंवा इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची अडचण, चुकीच्या वर्गात नाव पडणं, शेवटचं सेमिस्टर अशी मोजकी कारणं नियमात आहेत, आणि त्यांनाही डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याची, आधी परवानगी लागते. पैशाची चणचण त्या यादीत नाही.

तुमच्यासाठी वेगळा दरवाजा आहे. अरुंद आहे, पण देशाचं नाव न विचारता उघडतो. नियमातलं त्याचं नाव सीव्हिअर इकॉनॉमिक हार्डशिप. विद्यार्थ्याच्या हाताबाहेरच्या, आधी न दिसलेल्या कारणाने आर्थिक अडचण आली असेल तर त्याला कॅम्पसबाहेर काम करण्याची परवानगी मागता येते. शिष्यवृत्ती किंवा कॅम्पसवरची नोकरी आपली चूक नसताना जाणं, चलनाच्या दरात मोठी उलथापालथ, फी किंवा राहण्याच्या खर्चात अवाजवी वाढ, दवाखान्याची बिलं ही उदाहरणं नियमात दिलेली आहेत. त्यातच आणखी एक आहे : ज्याच्या आधारावर विद्यार्थी शिकतो त्याच्या आर्थिक स्थितीत अनपेक्षित बदल. तुमची केस इथे बसते. रुपया घसरला हे मुख्य कारण म्हणून मांडू नका. तो हळूहळू घसरतच असतो, आणि अधिकारी विचारेल की हे येताना ठाऊक नव्हतं का. गारपीट मात्र कुणाला ठाऊक नव्हती.

मुख्य अटी तीन. एफ-१वर एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं हवं. तुमचं ते या परीक्षेनंतर होतंय, त्यामुळे पत्र अगदी वेळेवर आलं. मार्क समाधानकारक हवेत, म्हणजे काळजीपोटी परीक्षेकडे दुर्लक्ष करू नका. आणि कॅम्पसवरचं काम मिळत नाही किंवा मिळालं तरी पुरत नाही, हे दाखवावं लागतं. कॅम्पसवर अर्ज करून नकार आला असेल तर ती ईमेल पुसू नका. काम करत असाल तर पगाराच्या पावत्या जोडा.

परवानगी मिळाली तरी सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २०च तास, सुट्टीत पूर्णवेळ. रूममेटचे ३५ तास तुम्हाला मिळणार नाहीत. क्रेडिटही सगळे घ्यावे लागतील. परवानगी जास्तीत जास्त एक वर्षाची असते, पुढे पुन्हा अर्ज. ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करायला मिळणारे, महिने मात्र यात खर्ची पडत नाहीत. पगारातून सोशल सिक्युरिटीचा कर कापला गेला तर मालकाला विचारा. तुमच्यासारख्या नव्याने आलेल्या एफ-१ विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे तो लागत नाही.

रीत अशी. आधी कॉलेजच्या डीएसओला भेटा. तो तुमची कागदपत्रं बघून सेविसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत, शिफारस नोंदवतो आणि नवा आय-२० (कॉलेजने दिलेला विद्यार्थी असल्याचा दाखला) देतो. त्या शिफारशीपासून ३० दिवसांच्या आत यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडे, आय-७६५ अर्ज पोचायला हवा. कॅटेगरीच्या रकान्यात (सी)(३)(iii) लिहायचं. हा रकाना चुकला की अर्ज अडकतो आणि महिने जातात. एप्रिल २०२४पासून कागदी अर्जाची फी ५२० डॉलर झाली आहे. पाठवायच्या दिवशी संकेतस्थळावर आकडा पुन्हा बघा, कमी रक्कम गेली तर पाकीट परत येतं. निकालाला महिने लागू शकतात. कार्ड हातात येईपर्यंत आणि कार्डावरची सुरुवातीची तारीख उजाडेपर्यंत काम नाही. अर्ज भरल्याची पावती म्हणजे परवानगी नव्हे.

आता कागदांविषयी जरा सविस्तर, कारण अशा केसेस कागदांवरच जिंकतात किंवा हरतात, आणि आपल्याकडची कागदं इथल्या अधिकाऱ्याला वाचता येत नाहीत. बाबांना सांगून तलाठ्याने केलेला पंचनामा, ताजा सातबारा, मागच्या दोन-तीन हंगामांच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या, त्या पैशांच्या नोंदी असलेलं पासबुक आणि पीककर्जाचं बँकेचं पत्र एवढं मागवा. मागच्या हंगामात इतके लाख जमा झाले, या हंगामात शून्य, हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की निम्मं काम होतं. सातबाऱ्यावर इतर हक्कात कर्जाचा बोजा चढलेला असेल तर तो लपवू नका. उलट त्यावर बोट ठेवा. आधीच कर्ज होतं, म्हणून या नुकसानीनंतर नवं काढणं शक्य नाही, हे त्यातूनच सिद्ध होतं.

प्रत्येक मराठी कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. खाली भाषांतर करणाऱ्याने लिहून सही करायची की मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे. नोटरी लागत नाही. स्वतःच्या केसचं भाषांतर स्वतः करू नका, एखाद्या मित्राला सांगा, आणि त्याने केलेले आकडे स्वतः तपासा. माझ्याकडे एका मुलाची फाइल आली होती. सातबाऱ्यावर क्षेत्र होतं ०.८० हेक्टर, म्हणजे दोन एकर. भाषांतर करणाऱ्याला तो टिंब डाग वाटला असावा. त्याने लिहिलं ८० हेक्टर. दोनशे एकरांच्या जमीनदाराचा मुलगा उपासमारीची तक्रार करतोय, असं ते कागद वाचणाऱ्याला दिसलं असतं. पाकीट बंद करायच्या आदल्या दिवशी ते माझ्या नजरेला पडलं.

आणखी एक नाजूक गोष्ट. आय-२० आणि व्हिसा मिळवताना तुम्ही सीएचं प्रमाणपत्र, ठेवींच्या पावत्या, मामाच्या फ्लॅटचं मूल्यांकन असं बरंच काही जोडलं असेल. ते सगळं खरं होतं ना? ‘दाखवायचे पैसे’ चार दिवसांसाठी खात्यात आणून परत फिरवण्याची पद्धत आपल्याकडे किती रुळली आहे हे मला ठाऊक आहे. आत्ताचा अर्ज त्या जुन्या कागदांशेजारी ठेवून वाचला जाऊ शकतो. तेव्हा ४० लाखांच्या ठेवी होत्या, तर त्या गारपिटीने कशा वाहून गेल्या, या प्रश्नाचं उत्तर हवं. सगळं खरं होतं तर काहीच भीती नाही. एका पानावर लिहा : येताना काय होतं, त्यातलं काय खर्च झालं, काय बुडालं, पुढच्या १२ महिन्यांना किती लागेल, किती कमी पडतंय. खरं नव्हतं, तर अर्ज भरण्याआधी वकिलाला प्रत्यक्ष भेटा आणि त्याच्यापासून काही लपवू नका.

आता काका. त्यांचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण एफ-१ विद्यार्थ्याच्या बऱ्याच चुका सुधारता येतात. क्रेडिट कमी पडले, आय-२०ची मुदत वाढवायची राहिली, तर पाच महिन्यांच्या आत रीइन्स्टेटमेंटचा अर्ज करता येतो आणि कारण पटलं तर दर्जा परत मिळतो. त्या अर्जाची एक अट अशी की विद्यार्थ्याने परवानगीशिवाय काम केलेलं नसावं. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही त्या गल्ल्यामागे उभे राहाल, त्या दिवशी तो परतीचा रस्ता बंद झाला. पगार रोख की चेकने, एक रात्र की शंभर, याने फरक पडत नाही. पुढे कधी ग्रीन कार्डचा अर्ज केलात तर त्यात थेट विचारतात : तुम्ही अमेरिकेत कधीही परवानगीशिवाय काम केलं आहे का? तेव्हा हो म्हणालात तर अडचण, आणि नाही म्हणालात तर खोटं बोलण्याची, जी कामापेक्षा कितीतरी महाग पडते. हीच गोष्ट मित्राच्या खात्यावर डिलिव्हरी करण्याची. भारतातल्या कंपनीचं काम रात्री लॅपटॉपवर करून पगार तिकडच्या खात्यात घ्यायचा, असंही मुलं विचारतात. पैसे कुठे जमा होतात यावर जाऊ नका, हात इथे चालतायत. त्या वाटेलाही न जाणं बरं.

मग मधल्या महिन्यांत खायचं काय, हा खरा प्रश्न. सुट्टी लागली की कॅम्पसवर २० तासांची मर्यादा नाही, पुढच्या सेमिस्टरला शिकायचं असेल तर पूर्णवेळ काम चालतं आणि त्याला कार्डही लागत नाही. ग्रंथालय, भोजनालय, वसतिगृहाचं ऑफिस, प्रयोगशाळा, सगळीकडे आजच अर्ज टाका, कारण उन्हाळ्याच्या जागा परीक्षेआधीच भरतात. एक वर्ष पूर्ण झाल्यावर तुमच्या अभ्यासक्रमात बसणारी पगारी इंटर्नशिप मिळाली तर सीपीटी, म्हणजे त्या कामाची परवानगी, डीएसओच देतो, यूएससीआयएसची वाट बघावी लागत नाही. तुमच्यासाठी तो सगळ्यात जलद मार्ग आहे. फक्त पूर्णवेळ सीपीटी बारा महिन्यांच्या अलीकडे ठेवा, नाहीतर ओपीटी जाते. फी हप्त्यांनी भरायची सोय आणि आणीबाणीचा निधी बऱ्याच विद्यापीठांत असतो. तो मागायला लाजू नका. कर्ज देणाऱ्या बँकेलाही पंचनाम्यासह पत्र द्या.

यातलं काहीच जमलं नाही तर एक सेमिस्टर घरी जाण्याचा पर्याय राहतो. डीएसओला न सांगता विमानात बसू नका. त्याच्या मंजुरीने शिक्षण थांबवलं तर देश सोडायला १५ दिवस मिळतात आणि पाच महिन्यांच्या आत परतलात तर तोच सेविस रेकॉर्ड पुन्हा सुरू होऊ शकतो. त्याहून जास्त लांबलं तर नवा आय-२०, सेविसची ३५० डॉलर फी, आणि एक वर्षाची मोजणी पुन्हा शून्यापासून. शिवाय नव्या आय-२०साठी पैसे पुन्हा दाखवावे लागतील, जे नाहीत म्हणूनच तुम्ही गेला असाल. म्हणून हा पर्याय मी सगळ्यात शेवटी ठेवला.

डीएसओची वेळ या आठवड्यातच घ्या. परीक्षेनंतर त्यांच्याकडे रांग लागते, आणि तलाठ्याकडून पंचनाम्याची प्रत मिळवायला बाबांनाही दोन-तीन चकरा माराव्या लागतील.