इंदूरमध्ये रंगकामाचा व्यवसाय सुरू करताना कोणत्या कंपनीचा रंग घ्यावा आणि माल कोणाकडून घ्यावा?

आपण चार कारागीर घेऊन इंदुरात घरांच्या रंगकामाची कामे स्वतंत्रपणे धरणार आहात आणि कोणत्या एका कंपनीशी बांधून घ्यावे, असे विचारले आहे. याच शहरात मी गेली अठरा वर्षे हे काम करीत आहे आणि माझे स्पष्ट मत असे आहे की आधी दुकान निवडावे, कंपनी त्यानंतर.

एशियन पेंट्स, नेरोलॅक, बर्जर, ड्युलक्स या जुन्या कंपन्या आणि २०२४ पासून बाजारात आलेली बिर्ला ओपस, या प्रत्येकीकडे स्वस्त डिस्टेंपरपासून महागड्या धुता येणाऱ्या इमल्शनपर्यंत सर्व दर्जांचा माल असतो. एकाच कंपनीच्या दोन दर्जांत जेवढा फरक दिसतो, तेवढा दोन कंपन्यांच्या सारख्या दर्जात सहसा दिसत नाही. म्हणून ग्राहकाला केवळ कंपनीचे नाव न सांगता मालाचे पूर्ण नाव अंदाजपत्रकात लिहून द्यावे. तुलनाही लिटरच्या भावाने करू नये. समजा, दोन हातांत (थरांत) एक रंग लिटरला १२० चौरस फूट भिंत झाकतो आणि दुसरा ७० चौरस फूट. तर हजार चौरस फुटांना पहिला साधारण सव्वाआठ लिटर लागेल आणि दुसरा चौदा लिटरांहून अधिक. त्यातून तिसरा हात मारावा लागला, तर मजुरी वाढते ती वेगळीच.

आता दुकानाविषयी. आजकाल बहुतेक शेड दुकानातील मशीनवर पांढऱ्या किंवा गडद छटांसाठीच्या बेसमध्ये, म्हणजे शेड काढण्याआधीच्या मूळ रंगात, रंगद्रव्य सोडून तयार होतात, त्यामुळे आपल्या कामाचा निम्मा दर्जा त्या मशीनवर बसलेल्या माणसाच्या हाती असतो. काही वर्षांपूर्वी लोकमान्य नगरातील एका दिवाणखान्यात माल कमी पडला, म्हणून मी दुसऱ्या दिवशी आणखी चार लिटर मागवले. दुकानदाराकडे मूळ बेस संपलेला होता. त्याने मला न विचारता दुसऱ्या बेसमध्ये तोच शेड काढून दिला. भिंत वाळल्यावर मधोमध पट्टा उठला आणि ती पूर्ण भिंत मला स्वखर्चाने पुन्हा रंगवावी लागली. ग्राहक शांतपणे बोलले, पण पुढचे काम त्यांनी मला दिले नाही, याचे दुःख आजही आहे. तेव्हापासून एका खोलीचा सगळा माल मी एकदम घेतो, शेडचा क्रमांक, बेस आणि बॅच नंबर वहीत लिहितो आणि दोन बादल्या असतील तर त्या मोठ्या पिंपात एकत्र करूनच काम सुरू करतो.

पुट्टी, प्राइमर, पॉलिश पेपर हे सामान सियागंजातून घाऊक भावाने आणणे परवडते. मात्र पुट्टीच्या पोत्यावरची तारीख पाहावी, कारण ओल लागलेली पुट्टी गाठी धरते. मशीनवर काढलेला रंग साइटच्या जवळच्या दुकानातूनच घ्यावा. न उघडलेला, शेड न काढलेला डबा परत घेणार का, दसरा-दिवाळीच्या गर्दीत बेसचा साठा ठेवणार का आणि दर वेळी जीएसटीचे पक्के बिल देणार का, हे तीन प्रश्न उधारीची बोलणी करण्याआधी विचारावेत. रंगावर १८ टक्के जीएसटी आहे; बिलाशिवाय माल घेतला, तर तो खराब निघाल्यावर कंपनीपुढे दाखवायला आपल्या हाती काहीच राहत नाही. रंगाऱ्याला बक्षीस म्हणून कंपनी डब्यात टोकन ठेवते, त्यासाठी माल निवडणे तर मला मुळीच पटत नाही, कारण त्याचे पैसे शेवटी ग्राहकच भरतो.

ऑइल पेंट घेताना शिशाचे प्रमाण जरूर पाहावे. २०१६ च्या नियमांनुसार ते ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक असता कामा नये आणि ते डब्यावर छापलेले असावे लागते. लहान मुले खिडकीच्या ज्या गजांना हात लावतात, त्यांवर अनोळखी नावाचा स्वस्त माल मी कधीही लावत नाही.

सुरुवातीला दोन कंपन्या आणि दोन दुकाने एवढेच ठेवावे. बाहेरच्या भिंतीसाठी नवा माल घेण्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीवर चार फुटांचा नमुना मारून तो एक उन्हाळा आणि एक पावसाळा तसाच राहू द्यावा. मे महिन्याचे ऊन आणि त्यामागून येणारा पाऊस सोसल्यानंतर ज्या नमुन्याला पापुद्रे सुटत नाहीत आणि हात फिरवल्यावर बोटांना पांढरी भुकटी लागत नाही, तोच माल मी पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात लिहितो.