अडलं तर विचारायचं कुणाला?

प्रश्न : मी कोल्हापुरात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाला आहे. सायकोसिस (नसलेले आवाज ऐकू येणं, खोटा संशय पक्का बसणं असा मानसिक आजार) नुकताच सुरू झालेल्या मुलामुलींसोबत काम करायचंय. पण इथं त्यासाठी वेगळी टीम दिसत नाही. बाहेर शिकून परत आले आणि एखाद्या केसमध्ये अडले, तर विचारायचं कुणाला? – एक विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : नेमका हाच प्रश्न बहुतेकजण नोकरी लागल्यावर विचारतात. तू आधी विचारलास, बरं झालं.

हा आजार बहुधा पंधरा ते तिशीच्या दरम्यान डोकं वर काढतो. घरचे आधी अभ्यासाचं टेन्शन म्हणतात, मग ‘बाहेरचं’ म्हणतात, मग नृसिंहवाडीच्या पौर्णिमा सुरू होतात. उपचाराविना जाणारा हा काळ जितका लांबेल तितकं सावरणं अवघड होतं. म्हणून मेलबर्नमध्ये 1992 साली यासाठी स्वतंत्र सेवा उभी राहिली. आपल्याकडे चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेनं या कामात पुढाकार घेतला. अशा टीममध्ये डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते एकाच पेशंटबद्दल एकत्र बसून बोलतात. कोल्हापुरातही ही माणसं आहेत, पण कुणी सीपीआर या सरकारी रुग्णालयात, कुणी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, कुणी खासगी दवाखान्यात. त्यांना महिन्यातून एकदा तासभर एकत्र बसवता आलं, तरी सुरुवातीला पुरे.

त्या तासात दोनच केसेस घ्यायच्या. मांडणाऱ्यानं पाच मिनिटांत कागदावर एक आडवी रेघ काढून तारखा दाखवायच्या : वागणं कधी बदललं, आवाज किंवा संशय स्पष्ट कधी झाला, देवऋषी कधी, डॉक्टर कधी, गोळ्या नियमित कधी सुरू झाल्या. उशीर नेमका कुठं झाला ते या रेघेवर लगेच दिसतं. मग एकच प्रश्न विचारायचा. ‘काय करावं?’ असं मोघम विचारलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो आणि हाती काही लागत नाही. ‘बरं वाटतंय म्हणून आईनं तिसऱ्या महिन्यात गोळ्या थांबवल्या, तिच्याशी बोलणं कुठून सुरू करू?’ असं विचारलं तर कामाचं उत्तर मिळतं. कुणीतरी सांगेल, वाडीला जाऊ नका म्हणू नका. वारीही चालू दे, गोळ्याही चालू देत असं म्हणा. कुणी आठवण करून देईल की आधी मुलाचं वजन बघा. गोळ्यांनी ते वाढलं असेल, तर आईचं चुकलं कुठं? तशी तक्रार डॉक्टरांपर्यंत गेली तर औषध बदलता येतं. शेवटी कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार हे लिहायचं.

अशा बैठका बिघडतात कशा? सर्वांत मोठे डॉक्टर आधी बोलले की बाकीचे गप्प बसतात; त्यांना शेवटी बोलायची विनंती करावी. दुसरा घोळ व्हॉट्सॲपचा. नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘शिरोळचा, इंजिनिअरिंग सोडलेला, वडिलांचं गुऱ्हाळ’ एवढ्यावर इथं अर्धा तालुका ओळखेल. गोपनीयता हा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 23 नं दिलेला हक्क आहे. गाव, कॉलेज, धंदा बदलून किंवा गाळूनच केस मांडायची, आणि ग्रुपवर फक्त बैठकीची वेळ.

आता पदवीचं. नुसत्या एमएसडब्ल्यूवर हा कायदा तुला ‘मनोसामाजिक कार्यकर्ती’ (सायकिॲट्रिक सोशल वर्कर) मानत नाही. त्यापुढं सायकिॲट्रिक सोशल वर्कमधलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. किंवा सरकारनं ठरवलेली तत्सम पात्रता लागते. यूजीसीनं एम.फिल. बंद करताना या शाखेला तात्पुरती मुदत दिली होती. म्हणून फी भरण्याआधी, त्या वर्षीच्या प्रवेशाला मान्यता आहे का ते लेखी मागून घे.

दुसऱ्या वर्षाच्या फील्डवर्कसाठी मानसोपचार विभाग माग. तिथं केस मीटिंग होत असेल तर इतिवृत्त लिहायचं काम स्वतःकडं घे. ते कुणालाच नको असतं, त्यामुळं नाही कुणी म्हणणार नाही.