प्रौढांचा वर्ग पहिल्यांदाच घेताय? सुरुवातीला एवढं सांभाळा

ताई, शिरपूरकडे मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग सुरू करताय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून फार बरं वाटलं. घाबरू नका, पहिल्या महिन्यात मोजक्याच गोष्टी लागतात.

- बाराखडीने सुरुवात करू नका. ही चूक आपण सगळेच करतो. आधी त्यांचं स्वतःचं नाव, मग गावाचं, मग कापूस वेचणीचा हिशोब: किती किलो, काय भाव, किती पैसे. स्वतःची मजुरी स्वतः मांडता आली की बाई दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन येते.
- अहिराणीत बोला. 'तुमनं नाव काय शे?' विचारलं की चेहरा खुलतो. प्रमाण मराठी नंतर येते.
- चाळिशीपुढच्या अनेकांना 'समजत नाही' म्हणजे खरं तर जवळचं दिसत नाही. आधी डोळे तपासून घ्या, मग शिकवा.
- वेचणीच्या दिवसांत हजेरी कमी होणारच. रागावू नका, वर्ग रात्री जेवणानंतर घ्या.

पूर्वी सही आली की काम झालं असं मानायचे. 2022 पासूनच्या 'उल्लास' या केंद्र सरकारच्या साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षांपुढच्यांसाठी वाचन, लेखन, संख्याज्ञानासोबत डिजिटल आणि आर्थिक साक्षरताही आहे. बँकेचा मेसेज, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे सगळं लोक तुम्हालाच विचारतील. सगळं एकटीने पेलू नका. हे काम बिनमानधनाचं आहे, म्हणून मदत हक्काने मागा: प्रवेशिका (शिकवायची सुरुवातीची पुस्तिका) शाळेकडून, मोबाइलचं शिकवायला गावातली कॉलेजची पोरं, आणि आठवड्याला एकदा दुसऱ्या स्वयंसेवकाशी मनमोकळं बोलणं.

परीक्षेचं नंतर बघू. पहिला आठवडा कसा गेला, ते मात्र नक्की कळवा.