शाळेत विज्ञान शिकवते. मे महिन्याच्या सुट्टीत वन्यजीव प्रयोगशाळेत काम करता येईल का?

येईल, पण बिबट्या दिसेल या आशेने जाऊ नका. त्याची विष्ठा मात्र पोटभर बघाल. मीही नववी-दहावीला शिकवते आणि एका सुट्टीत हेच केलंय. हातमोजे-मास्क चढवून विष्ठा बारीक चाळणीत नळाखाली धुवायची, उरलेले, बिबट्याने खाल्लेल्या प्राण्याचे केस, हाडं, खुरांचे तुकडे वेगळे करायचे. मग केस सूक्ष्मदर्शकाखाली धरून चितळाचा की सांबराचा, ते आधीच्या ओळखलेल्या स्लाइडशी ताडून बघायचं. हरणांचे केस फार फसवतात, एकावर निकाल देऊ नये. पीएचडी लागत नाही. फक्त अभयारण्यातून स्वतः नमुने आणायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी हवी. ती ऐन सुट्टीत मागाल तर जून उजाडेल.