मुत्सद्दी म्हणजे गोलकीपर

प्रश्न असा आला आहे: 'भारत आणि आखाती सहकार्य परिषद यांच्या रियाधमधल्या बैठकीची बातमी वाचताना मथळ्यात "मुत्सद्देगिरी" दिसलं. प्रादेशिक सुरक्षा, दहशतवादाला आळा, असल्या गंभीर विषयांवरच्या चर्चेला हा शब्द शोभतो का? "गिरी"मुळे तो दादागिरीच्या पंगतीला बसल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा "राजनय" म्हणावं का? शिवाय शिष्टमंडळं बोलणी करतात की वाटाघाटी?'

शोभतो. 'गिरी'चं आधी उरकून टाकतो. मराठ्यांची मुलुखगिरी काय दादागिरीच्या पंगतीतली होती? (सुरतकर 'हो' म्हणतील, पण त्यांचं सोडा.) आधीचा शब्द गुंड असला तर गुंडगिरी होते आणि शिपाई असला तर शिपाईगिरी. बिचाऱ्या प्रत्ययावर कशाला राग?

'राजनय' चांगला आहे, इस्त्रीचा आहे. फक्त तो मी आजवर छापलेलाच पाहिला, कुणाच्या तोंडून ऐकला नाही. माझं डोकं फिरतं ते त्याच्या भावंडामुळे, 'राजनैतिक'मुळे. दोन देशांमधल्या व्यवहाराला मराठीत राजनैतिक म्हणतात: राजनैतिक संबंध, राजनैतिक अधिकारी, राजनैतिक संरक्षण. हिंदीत मात्र त्याचा अर्थ राजकीय. आता आमचे वृत्तनिवेदक हिंदी बातमी समोर ठेवून मराठी बोलतात, त्यामुळे रोज संध्याकाळी 'राजनैतिक पक्षांची बैठक' ऐकावी लागते. राजकीय पक्ष हो, राजकीय! उद्या जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला राजनैतिक संरक्षण द्याल.

तर मुत्सद्दी.

२००९च्या जानेवारीत मी मस्कतला होतो. एका कंपनीत हिशेब पाहायचो आणि तिथल्याच रुवी भागात राहायचो. त्या वर्षीची आखाती चषकाची फुटबॉल स्पर्धा मस्कतलाच होती आणि अंतिम सामन्यात यजमान ओमानसमोर सौदी अरेबिया. आम्ही चौघंपाचजण चहाच्या दुकानात दाटीवाटीनं उभे. तिथे 'करक' नावाचा चहा मिळतो, तो आपलाच 'कडक' बरं का. 'ड' त्यांच्या जिभेवर बसत नाही. ओमानच्या गोलात अली अल-हब्सी. त्यानं बॉल अडवला की दुकानातले सगळे ओरडायचे आणि टीव्हीवरचा समालोचक गळा ताणून म्हणायचा, 'तसद्दी! तसद्दी!' मी माझ्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, सहकाऱ्याला विचारलं, 'हे काय म्हणतोय?' तो म्हणाला, 'गोलकीपरनं बॉल अडवला की ती तसद्दी.' सामना शून्य-शून्य राहिला, पेनल्टीवर ओमान जिंकलं आणि पहाटेपर्यंत गाड्यांच्या भोंग्यांनी झोपू दिलं नाही. माझी झोप तशीही उडाली होती. डोक्यात एकच: तसद्दी करणारा तो मुतसद्दी. म्हणजे आपला मुत्सद्दी!

पुढच्याच आठवड्यात कचेरीतल्या अरबी वर्तमानपत्रात तोच शब्द दिसला. अक्षरं मला जुळवता येत होती, अर्थ सहकाऱ्याला विचारावा लागे. 'अत्-तसद्दी लिल्-इरहाब.' त्यानं सांगितलं, 'दहशतवादाला तोंड देणं, त्याला अडवणं.' आखाती देशांच्या संयुक्त निवेदनांत हा प्रयोग उठता-बसता येतो. तेव्हा प्रश्नकर्त्यांनी लक्षात घ्यावं की दहशतवादविरोधी चर्चेला मुत्सद्देगिरी शोभते की नाही हा प्रश्नच उरत नाही. त्या चर्चेच्या अरबी मसुद्यात मुत्सद्द्याची सख्खी मावशी आधीच बसलेली आहे.

अरबीत 'तसद्दा' या क्रियापदाचा अर्थ एखाद्याच्या समोर जाऊन उभं राहणं, त्याच्याकडे तोंड करणं, एखादं काम अंगावर घेणं. मराठीत याला तंतोतंत जोड आहे: सामोरं जाणं. आणि गंमत पाहा, आपण पाहुण्यांनाही सामोरं जातो आणि संकटालाही. अरबीतही तसंच. कुराणाच्या ऐंशीव्या सूरेत हेच क्रियापद एखाद्याकडे अगत्यानं लक्ष देण्यासाठी आलं आहे. फुटबॉलच्या मैदानात ते अडवण्यासाठी येतं. ज्याच्याकडे तोंड करून उभे राहिलात तो मित्र की शत्रू, हे शब्द सांगत नाही. आखातातल्या कुठल्याही बैठकीचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

'काम अंगावर घेणारा' या अर्थानं हा शब्द फारसीतून मोगल दरबारात आला आणि कारकुनीत अडकला. मुतसद्दी म्हणजे हिशेबनीस, कारभारी. सुरत बंदराचा कारभार पाहणाऱ्या मोगल अंमलदाराचं पदनाम मुतसद्दीच होतं; बसरा, मोखा आणि बंदर अब्बासच्या जहाजांची जकात त्याच्या हाताखालून जायची. म्हणजे आखाताशी या शब्दाचा संबंध आजचा नाही. पुढे बंगालमध्ये त्याचे हाल झाले. तिथे 'मुत्सुद्दी' म्हणजे गोऱ्या व्यापाऱ्यांचा दलाल, आणि डाव्या मंडळींनी तर 'मुत्सुद्दी बुर्झ्वा' अशी शिवीच करून टाकली. मराठीत मात्र त्याचं नशीब उघडलं. आपल्याकडे कारकुनांनीच राज्य चालवलं ना! फडावरचा फडणीस पाहता पाहता राज्याचा सूत्रधार झाला आणि 'साडेतीन शहाण्यां'त अर्धा म्हणून का होईना जाऊन बसला. माणसं चढली, त्यांच्याबरोबर शब्द चढला. एकाच शब्दाला कलकत्त्यात दलाल आणि पुण्यात धुरंधर म्हणतात, यात कुणाचं काय चुकलं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आता एका विद्वानांचा समाचार. नाव घेत नाही, त्यांच्या सभ्य वाचकांना वाईट वाटेल. त्यांनी लिहिलं आहे की मुत्सद्दी हा मसुद्यावरून आला. मसुदा करणारा तो मुसद्दी, तोच पुढे मुत्सद्दी. कानाला पटतं, आणि मसुद्यांशिवाय वाटाघाटी होत नाहीत म्हणून मनालाही पटतं. पण साफ खोटं आहे. मसुद्याचं मूळ काळ्या रंगात आहे. 'अस्वद' म्हणजे काळा, 'मुसव्वदा' म्हणजे काळा केलेला, शाईनं रंगवलेला कागद. सुदान देशाचं नावही त्याच धातूचं. मसुद्यातला 'स' साधा. मुत्सद्द्यातला 'स' जड, टाळ्याकडे जीभ नेऊन उच्चारायचा 'साद'. अरबीत ती दोन वेगळी अक्षरं आहेत. देवनागरीत दोन्हींना एकच 'स' मिळाला, म्हणून दोघांना एका घरचे म्हणायचं? मग एका चाळीतले सगळेच जावई झाले.

याच गृहस्थांचा दुसरा आक्षेप असा की शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्द बाजूला सारले आणि आम्ही त्यांना पुन्हा पाट मांडतो. महाराजांचा हेतू थोर, त्याबद्दल वाद नाही. पण त्यानंतर शंभर वर्षांनी पेशव्यांच्या दप्तरात मुत्सद्दी मंडळी निवांत नांदताना दिसतात. पुणेकरांनी एवढं सांभाळलेलं मी का हाकलू?

शब्दाला शोभेल असा माणूस आखातात कुठला, असं कुणी विचारलं तर मी कुवेतचे अमीर शेख सबाह यांचं नाव घेईन. १९६३ ते २००३, मधला थोडा खंड सोडला तर, हा माणूस परराष्ट्रमंत्री होता. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. आरोप होता दहशतवाद्यांना थारा दिल्याचा. दुसऱ्याच दिवशी शेख सबाह जेद्दाला, त्याच्या पुढच्या दिवशी दुबई आणि तिथून दोहा. वय ८७, महिना रमझानचा. संबंध तोडणाऱ्या चौघांनी कतारला तेरा मागण्यांची यादी आणि दहा दिवसांची मुदत दिली. अल जझीरा वाहिनी बंद करा, हीसुद्धा त्यातली एक. यादी पाठवणं आणि विमानात बसून समोर जाऊन उभं राहणं, यात जो फरक आहे तोच हुकूम आणि तसद्दी यांतला. ते भांडण ५ जानेवारी २०२१ला अल-उला इथे मिटलं. शेख सबाह तीनच महिने आधी वारले होते.

ओमानचंही तसंच. कतारवरच्या बहिष्कारात ते सामील झालं नाही, आणि २०१३च्या अणुकराराआधी अमेरिका आणि इराण यांची गुपचूप बोलणी मस्कतला झाली. मी तोवर परत आलो होतो, नाहीतर चहाच्या दुकानात काहीतरी कानावर आलं असतं, अशी माझी समजूत आहे.

आता माझा लाडका तर्क. नावडत असेल तर हा परिच्छेद ओलांडा. त्याच 'साद-दाल' अक्षरांचा अरबीत 'सदा' असा एक शब्द आहे. अर्थ प्रतिध्वनी. उर्दू शायरीत 'सदा' म्हणजे हाक, तोच हा. मला कायम वाटत आलंय की मुत्सद्दी म्हणजे प्रतिध्वनी आणणारा. धन्याचा आवाज पलीकडे पोचवायचा आणि पलीकडून जे परत येईल ते, जरा उशिरानं आणि जरा मवाळ होऊन, धन्याच्या कानी घालायचं. जुन्या अरबी कोशकारांतले काही याला मान हलवत नाहीत. ते 'तसद्दा'ची नाळ 'सदद' या शब्दाशी जोडतात, ज्याचा अर्थ समोरची बाजू. असो बापडे. पण मी म्हणतो, कोकणकड्याच्या टोकावर जाऊन हाक मारा आणि मग मोकळ्या माळावर मारा. समोर कडा असल्याशिवाय प्रतिध्वनी येतो का? मग समोर असणं आणि प्रतिध्वनी यांच्यात भांडण कसलं? कोशकारांनी सह्याद्री पाहिला नव्हता, एवढंच.

जाता जाता 'दहशत'. हा शब्द आपण भीतीसाठी वापरतो, कारण तो फारसीतून आला आणि फारसीत त्याचा अर्थ भीतीच. मूळ अरबी 'दहशा' मात्र आश्चर्य, थक्क होणं. 'मुदहिश' म्हणजे विस्मयकारक. दुबईच्या उन्हाळी खरेदी महोत्सवात लहान मुलांसाठी एक पिवळाधमक, स्प्रिंगसारख्या अंगाचा हसरा बाहुला असतो, त्याचं नाव मोधेश. तो याच शब्दावरून! म्हणजे मराठीत ज्याच्या नावानं माणसं घराबाहेर पडत नाहीत, त्याचाच चुलतभाऊ दुबईच्या मॉलमध्ये पोरांबरोबर फोटो काढून घेतो. अरबीत दहशतवादाला 'इरहाब' म्हणतात. त्याच धातूचा 'राहिब' म्हणजे ख्रिस्ती मठातला साधू, देवाला भिणारा. एका धातूनं दहशतवादी आणि साधू दोघांना जन्म द्यावा, हे मी एकदा एका व्याख्यानात सांगितलं तर पहिल्या रांगेतल्या बाईंनी हात जोडून 'पुरे' म्हटलं.

हां, रियाधची बैठक. ९ सप्टेंबर २०२४. भारत आणि आखाती सहकार्य परिषद यांचा परराष्ट्रमंत्र्यांच्या पातळीवरचा पहिला सामरिक संवाद, आपल्याकडून जयशंकर. १९८१ साली स्थापन झालेल्या या परिषदेचं अरबी नाव 'मजलिस'नं सुरू होतं. मजलिस म्हणजे बसण्याची जागा, आपला जलसा तिचाच भाऊ. पलीकडे मजलिस आणि आपल्याकडे बैठक. भाषा दोन, पण आधी बसा म्हणायची रीत एकच. मथळ्यात 'मुत्सद्देगिरी' खुशाल लिहा. 'मुत्सद्दी चर्चा' मात्र नको, चर्चा मुत्सद्दी नसते, करणारे असतात. आणि गल्लीतल्या पुढाऱ्यानं रात्रीत पक्ष बदलला तर त्याला मुत्सद्दी म्हणू नका. तो कुणाला सामोरा गेला? तो तर मागच्या दारानं गेला.

बोलणी की वाटाघाटी, हे राहिलंच. बोलणी लग्नाचीही होतात आणि तहाचीही. वाटाघाटीत देण्याघेण्याची घासाघीस उघड असते. देणंघेणं लग्नातही असतं म्हणा, पण तिथे वाटाघाटी म्हणून पाहा, मुलाचा मामा पानावरून उठेल.